नव्याने मांडलेलं 'स्टार ट्रेक' पाहायला कुठून सुरुवात करावी: एका जुन्या चाहतीची वाट

'स्टार ट्रेक', म्हणजे अवकाशनौकांवरच्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या अमेरिकन मालिका आणि चित्रपट, पाहायचंय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की माझ्या पिढीचे चाहते दोनपैकी एक उत्तर देतात. पहिलं उत्तर: अगदी पहिल्या भागापासून. दुसरं: कुठूनही कर, फक्त २००९ सालच्या त्या चित्रपटापासून नको. दोन्ही उत्तरं प्रेमापोटी दिलेली असतात आणि दोन्ही नव्या माणसाच्या फारशी कामाची नसतात. २००५ साली 'एंटरप्राइज' ही मालिका बंद झाली तेव्हाच सातशेहून जास्त भाग आणि १० चित्रपट साठले होते. त्यानंतर चित्रपटगृहांत आणखी तीन चित्रपट आले आणि पाच-सहा मालिका आल्या. एवढं सगळं क्रमाने बघ म्हटलं तर माणूस पहिल्या आठवड्यातच दमतो. आणि २००९चा चित्रपट टाळ म्हणणं म्हणजे ज्या दारातून असंख्य नवे प्रेक्षक आत आले, तेच दार लावून घेणं.

दुसरं उत्तर मी स्वतः कित्येक वर्षं देत होते. आता देत नाही. का, ते पुढे येईलच. खाली दिलेली वाट साधारण महिनाभराची आहे, रोज तासभर धरून. तेवढ्यात सगळं 'स्टार ट्रेक' पाहून होणार नाही. पण जुन्यातलं नव्यात काय उतरलं आणि वाटेत काय गळलं, हे तुमचं तुम्हाला ओळखता येऊ लागेल. रीबूट, म्हणजे ही नवी मांडणी, चांगला की वाईट हे ठरवायला तेवढं पुरतं.

पायरी १: 'रीबूट' म्हणजे नेमकं काय, हे आधी सोडवून घ्या

शब्द संगणकाकडून आला. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. पण कथाविश्वाच्या बाबतीत हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मी भांडणं त्यातून होतात.

एक प्रकार म्हणजे थांबलेली गोष्ट पुढे चालू करणं. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका १९६३ साली सुरू झाली, १९८९ साली थांबली, मध्ये १९९६ साली एक दूरचित्रवाणी चित्रपट येऊन गेला आणि २००५ साली ती परत आली. नायक तोच, त्याचा निळा पोलिस बॉक्स तोच, सुरावट तीच. नायक मरणाच्या दारात पोचला की त्याचा चेहरा आणि स्वभाव बदलतो ही सोय त्यांनी १९६६ सालीच करून ठेवली होती. तरी ती परत आणणारे लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी २००५च्या पहिल्या भागात जुना इतिहास जवळजवळ मांडलाच नाही. सगळा भाग दुकानात काम करणाऱ्या रोझ नावाच्या मुलीच्या नजरेतून चालतो. तिला जेवढं कळतं तेवढंच प्रेक्षकाला कळतं. मालिकेचे सगळ्यात प्रसिद्ध शत्रू, डॅलेक, त्यातला पहिला तर सहाव्या भागात समोर येतो. जुन्या चाहत्यांना तोपर्यंत कळ काढावी लागली, आणि नव्यांना त्या एकट्या डॅलेकची भीती वाटायला पुरेसा वेळ मिळाला. पुनरागमन कसं करावं असं कुणी मला विचारलं तर मी हे सहा भाग दाखवते.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्याचा फक्त सांगाडा घेऊन सगळं नव्याने बांधणं. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' १९७८ साली आली आणि एका सीझनमध्ये संपली. यंत्रमानवांनी मानवजातीचा संहार केलाय आणि उरलेली माणसं एका युद्धनौकेच्या आसऱ्याने पृथ्वी शोधत निघाली आहेत, अशी ती कल्पना. कल्पना भयंकर आहे, पण जुनी मालिका तिच्याकडे फार वेळ बघत नाही. पुढच्याच भागांत साहसं सुरू होतात. २००३ साली रोनाल्ड डी. मूर यांनी ती पुन्हा केली तेव्हा त्यांनी तो संहार विसरूच दिला नाही. उरलेल्या माणसांची संख्या राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर लिहिलेली असते आणि ती खोडून नवी लिहिली जाते. '३३' नावाच्या भागात दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो आणि कुणालाच झोप मिळत नाही. स्टारबक हे पुरुष पात्र स्त्री झालं म्हणून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आज ती मालिका आठवणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केटी सॅकहॉफच येते. मूर हे 'स्टार ट्रेक'मध्येच लिहायला शिकले होते, हे लक्षात असू द्या. तिथे जे करता आलं नाही त्यातलं बरंच त्यांनी इथे केलं.

तिसरा प्रकार पूर्वकथेचा आणि चौथा फाटा फुटण्याचा: जुनं विश्व तसंच ठेवायचं आणि भूतकाळात एक घटना बदलून शेजारी दुसरं विश्व उभं करायचं. 'स्टार ट्रेक'मध्ये हे दोन्ही सापडतात. २००९चा चित्रपट हा फाटा आहे आणि २०२२ साली सुरू झालेली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही पूर्वकथा. कुठलीही नवी आवृत्ती पाहायला घेताना ती या चारांतली कुठली, एवढं विचारून घ्या. फाट्याकडून पूर्वकथेची अपेक्षा केली की निराशा ठरलेली.

पायरी २: जुन्या मालिकेतले तीनच भाग पाहा

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १९६९ साली ७९ भागांनंतर बंद पडली. पहिल्या भागापासून सुरुवात नको म्हणते त्याला एक साधं कारण आहे. भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने दाखवलेच गेले नाहीत. सगळ्यात आधी प्रसारित झालेला भाग बनवताना सहावा होता. ज्या भागामुळे मालिकेला मंजुरी मिळाली तो तिसरा दाखवला गेला, आणि त्यात गणवेश वेगळे आहेत, नौकेवरचे डॉक्टर मॅकॉय, मालिकेतलं एक मुख्य पात्र, तर नाहीतच. नवा प्रेक्षक उगाच गोंधळतो.

सुरुवात 'द डेव्हिल इन द डार्क'ने करा. एका खाणीत कुणीतरी कामगारांना जाळून मारतंय. कॅप्टन कर्क आणि त्याचे सहकारी त्या प्राण्याला मारायला आलेत. पुढचं मी सांगणार नाही, पण पन्नास मिनिटं संपताना हा प्राणी तुम्हाला राक्षस वाटत नसेल. 'स्टार ट्रेक' म्हणजे काय हे सांगायला मी गेली कित्येक वर्षं हाच भाग वापरते. अनोळखी दिसणारा आधी समजून घ्यायचा, ही या सगळ्या डोलाऱ्याची पायाभरणी आहे. तो प्राणी गालिच्यासारखा दिसतो, हे खरं. पाच मिनिटांत तुम्ही ते विसराल.

दुसरा भाग 'बॅलन्स ऑफ टेरर'. दोन अवकाशनौका एकमेकींना न दिसता शोधताहेत, अगदी पाणबुडीच्या युद्धपटासारख्या. रोम्युलन हे शत्रू इथे पहिल्यांदा दिसतात, आणि ते हुबेहूब कर्कच्या परग्रहवासी सहकाऱ्यासारखे, स्पॉकसारखे, निघतात. त्या क्षणापासून आपल्याच नौकेवरचा एक अधिकारी स्पॉककडे संशयाने बघू लागतो. या भागातला शत्रूचा कॅप्टन मार्क लेनार्ड यांनी असा केलाय की तो हरावा असं वाटत नाही. पुढे याच लेनार्ड यांनी स्पॉकच्या वडिलांची भूमिका केली. हा भाग नीट लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये त्याच्याशी पुन्हा गाठ आहे.

तिसरा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'. कर्क आणि स्पॉक १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. बस्स, एवढंच माहीत असू द्या.

पायरी ३: जुनं कसं पाहायचं याची थोडी सवय करा

जुनी मालिका एकापाठोपाठ एक भाग लावून बघू नका. ती आठवड्याला एक अशी बघण्यासाठी बनली होती. प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण आहे, आणि तीन भाग सलग पाहिले की त्याच त्या युक्त्या डोळ्यांत खुपायला लागतात. दिवसाला एक पुरे.

२००६ सालापासून या मालिकेची नवी आवृत्ती आली, तिच्यात अवकाशातली दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली आहेत. ब्लू-रे संचात जुनी दृश्यं ठेवायची की नवी, हे निवडता येतं. शक्य असेल तर माझा सल्ला जुनीच ठेवण्याचा आहे. मालिकेतल्या नौकेचं, 'एंटरप्राइज'चं, ते मॉडेल अकरा फूट लांबीचं होतं, हातांनी बनवलेलं, आणि ते आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. त्याच्यावर पडलेला खरा प्रकाश नव्या दृश्यांत नाही.

अभिनय रंगमंचाच्या जवळचा आहे, आवाज मोठे आहेत, सेट पुठ्ठ्याचे वाटतात. नाटक बघतोय असं समजून बसा. पैसे कमी होते, त्यातूनच कल्पना निघायच्या. माणसाला एका क्षणात इथून तिथे पोचवणारं ट्रान्सपोर्टर यंत्र आलं ते दर आठवड्याला नौका ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून.

आणि जे खरोखर चुकीचं आहे त्याला चुकीचं म्हणा. स्त्री पात्रांना या मालिकेने पुष्कळदा वाईट वागवलं आहे. शेवटचा भाग तर स्त्रीला नौकेचं कप्तानपद मिळूच शकत नाही, असं सुचवून जातो. हे बघून मला आजही वाईट वाटतं, आणि नव्याने मांडणी करायची गरज का होती याचं उत्तर मला इथेच पहिल्यांदा मिळालं.

पायरी ४: १९८२चा 'द रॅथ ऑफ खान'

याच्या आधी १९७९ साली पहिला चित्रपट आला होता. दिसायला देखणा, भारतीय अभिनेत्री पर्सिस खंबाटा यांची महत्त्वाची भूमिका असलेला, आणि फार संथ. तो नंतर कधीतरी पाहा. स्टुडिओने दुसऱ्या चित्रपटासाठी त्याच्या साधारण चौथाई पैसे दिले आणि निर्माता म्हणून हार्व्ह बेनेट यांना आणलं. त्यांना 'स्टार ट्रेक'ची माहिती नव्हती. त्यांनी काय केलं? सगळेच्या सगळे ७९ भाग बसून पाहिले. त्यांतून १९६७च्या 'स्पेस सीड' या भागातला खलनायक खान उचलला. दिग्दर्शक निकोलस मायर हेही बाहेरचेच. त्यांनी गणवेश बदलले, नौकेला आरमारी शिस्त आणली, आणि मूळ मालिकेने कधी न विचारलेला प्रश्न विचारला: कर्क म्हातारा झाला तर?

हा चित्रपट बनत असताना कथेतला एक भाग बाहेर फुटला आणि चाहते प्रचंड संतापले होते. आज त्याच चाहत्यांपैकी बहुतेकांना सगळ्या चित्रपटांत हाच प्रिय आहे. म्हणून बाहेरचा माणूस आला की सगळं बिघडतं हे म्हणणं मला पटत नाही. बेनेट बाहेरचे होते, पण त्यांनी आधी ७९ भाग पाहिले होते.

पाहताना दोन गोष्टी टिपून ठेवा. कोबायाशी मारू नावाची परीक्षा, जी जिंकताच येत नाही. तिची गोष्ट सांगताना कर्क सफरचंद खातोय. आणि शेवटी काचेच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन मित्र.

पायरी ५: आता २००९चा 'स्टार ट्रेक'

आता तुम्ही तयार आहात. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी आपण लहानपणी 'स्टार ट्रेक'चे चाहते नव्हतो हे उघडपणे सांगितलं होतं, आणि ते चित्रपटात दिसतं. वेग आहे, पडद्यावर सारख्या प्रकाशाच्या तिरिपी येतात (त्या अती झाल्या हे नंतर त्यांनीच मान्य केलं), इंजिनाची खोली तर बिअरच्या कारखान्यात चित्रित झाली आहे आणि ती तशीच दिसते. पण माणसं बघा. क्रिस पाइन मूळ मालिकेतला कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांची नक्कल करत नाही, तरी पहिल्या दहा मिनिटांत तो कर्क वाटतो. कार्ल अर्बनचा मॅकॉय तर मला जुन्या मॅकॉयचा धाकटा भाऊच वाटला. कोबायाशी मारू इथे प्रत्यक्ष दिसते. त्या वेळी कर्कच्या हातात काय आहे तेही बघा.

पुढच्या दोन परिच्छेदांत चित्रपटातली मोठी घटना सांगावी लागणार आहे. पाहिला नसेल तर ते वगळून त्यापुढे वाचा.

भविष्यातून आलेली एक रोम्युलन नौका २२३३ साली 'केल्व्हिन' ही नौका उद्ध्वस्त करते आणि तिथून इतिहासाला फाटा फुटतो. पुढे हीच नौका स्पॉकचा ग्रह, व्हल्कन, नष्ट करते. चित्रपटगृहातून बाहेर पडले तेव्हा मला कुणाशी बोलवत नव्हतं. जो ग्रह माझ्यासाठी चाळीस वर्षांच्या गोष्टींनी भरलेला होता, तो काही मिनिटांत गेला आणि चित्रपट पुढच्या मारामारीकडे वळला. मूळ मालिकेतला स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉय यांचा म्हातारा स्पॉक दुरून ते बघत उभा असतो. तेवढा एक क्षण सोडला तर त्या दुःखाला जागाच दिली नाही, असं मला तेव्हा वाटलं. आजही काही अंशी वाटतं.

माझं मत बदललं ते माझ्या भाचीमुळे. तिने हाच चित्रपट सगळ्यात आधी पाहिला होता. तिने मला विचारलं, मावशी, तो ग्रह होता तरी कसा? मग आम्ही दोघींनी मिळून १९६७चा 'अमॉक टाइम' पाहिला. मालिकेत व्हल्कन पहिल्यांदा दिसतो तो याच भागात: तांबडं आकाश, दगडी रिंगण, घंटा वाजवत येणारी थोडी माणसं. स्टुडिओतला तो लहानसा सेट ती श्वास रोखून बघत होती. ती म्हणाली, हे सगळं गेलं ना. मी हा भाग कितीतरी वेळा पाहिला होता, पण या नजरेने कधीच नाही. म्हणून तुम्हीही २००९चा चित्रपट झाला की दुसऱ्या दिवशी 'अमॉक टाइम' पाहा, आधी नको.

चित्रपटाविषयीची माझी तक्रार वेगळीच उरली आहे. शिक्षा झालेला विद्यार्थी काही दिवसांत थेट कॅप्टन होतो, हे मला आजही पचत नाही. शिवाय टेबलाभोवती बसून काय करणं योग्य यावर वाद घालणारे अधिकारी या चित्रपटात जवळपास नाहीतच. जुन्यातली मैत्री इथे आली, धाडस आलं, तो वाद मात्र आला नाही.

त्यानंतरच्या दोन चित्रपटांविषयी थोडक्यात. २०१३चा 'इन्टू डार्कनेस' सध्या राहू द्या. त्यात काचेच्या दोन बाजूंचा तो प्रसंग परत येतो, फक्त माणसांच्या जागा बदलून. पण १९८२ साली त्या दोघांमागे पंधरा वर्षांची मैत्री होती, इथे ओळख होऊन फार दिवस झालेले नाहीत. शब्द तेच आहेत आणि मन हलत नाही. शिवाय मूळ कथेत भारतातला शीख म्हणून ओळख झालेल्या खानची भूमिका एका गोऱ्या ब्रिटिश अभिनेत्याला दिली, हेही अनेकांना खटकलं, मलाही. २०१६चा 'बियॉन्ड' मात्र नक्की पाहा. नौकेचा इंजिनिअर स्कॉटी, त्याचं काम करणारे सायमन पेग त्याचे सहलेखक आहेत आणि त्यांचं या माणसांवरचं प्रेम जागोजागी दिसतं. जखमी स्पॉक आणि वैतागलेला मॅकॉय एका परक्या ग्रहावर एकमेकांना धरून चालताहेत, ती दृश्यं थेट जुन्या मालिकेत शोभली असती. निमॉय २०१५ साली गेले. त्यांना या चित्रपटाने ज्या पद्धतीने निरोप दिलाय, तो बघताना रुमाल जवळ ठेवा.

पायरी ६: 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा पहिला सीझन

दहाच भाग आहेत, आणि जुन्या मालिकेसारखाच प्रत्येक भाग बराचसा स्वतःपुरता आहे. कर्कच्या आधी 'एंटरप्राइज'चा कॅप्टन असलेल्या क्रिस्टोफर पाइकची ही गोष्ट. ॲन्सन माउंटचा पाइक स्वयंपाक करून सहकाऱ्यांना जेवायला बोलावतो. टेबलाभोवतीचा जो वाद मला २००९मध्ये सापडला नव्हता, तो इथे चक्क जेवणाच्या टेबलावर सापडला.

दहावा भाग, 'अ क्वालिटी ऑफ मर्सी', पाहण्याआधी पायरी २ मधला 'बॅलन्स ऑफ टेरर' पुन्हा एकदा पाहा. मधे दिवस जाऊ देऊ नका, शक्य असेल तर एकाच संध्याकाळी दोन्ही. १९६६ सालचाच पेच, तेच लग्न, तीच शत्रूची नौका, पण खुर्चीत कर्कच्या जागी पाइक. काही संवाद शब्दशः तेच आहेत. पाइक कर्कपेक्षा शांत आहे, जास्त समजूतदार आहे. तरीही, किंवा त्यामुळेच, पुढे काय घडतं ते बघा. जुन्याला हात लावायचा तर असा, असं मला हा भाग पाहताना वाटलं. यात जुन्या भागाची आठवण काढून टाळ्या मिळवायच्या नाहीत. जुन्या भागाने जे गृहीत धरलं होतं त्याची इथे परीक्षा होते. आणि जुना भाग या परीक्षेनंतर माझ्या लेखी आणखी मोठा झाला.

पायरी ७: विसंगती दिसली की घाबरू नका

इथवर आलात म्हणजे तुमच्या डोक्यात प्रश्न येऊ लागले असतील. २०२२ साली बनलेली नौका १९६६च्या नौकेपेक्षा आधुनिक कशी? क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांचं कपाळ एकदा सपाट, एकदा उंचवट्यांचं, असं का? चाहत्यांच्या भाषेत अधिकृत मानलेल्या गोष्टींच्या साठ्याला कॅनन म्हणतात, आणि कॅननवरून रात्र-रात्र चर्चा चालतात. त्या मजेच्या असतात, मीही करते. पण नवी आवृत्ती वाईट ठरवायला ते कारण पुरेसं मानू नका. ज्या भागामुळे मूळ मालिकेला मंजुरी मिळाली, त्यात एका थडग्यावर कर्कचं नाव कोरलंय: जेम्स आर. कर्क. पुढे तो जेम्स टी. कर्क झाला. क्लिंगॉनांचं कपाळ १९७९च्या चित्रपटाने कसलंही स्पष्टीकरण न देता बदललं. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला त्याविषयी विचारलं तेव्हा आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही, एवढंच तो म्हणाला. खरं कारण २००५ साली 'एंटरप्राइज'मध्ये सांगितलं गेलं.

कधी-कधी नवी गोष्ट जुन्याला सामग्रीही पुरवते. २००९च्या चित्रपटात एका स्फोटामुळे रोम्युलन साम्राज्याची राजधानी नष्ट होते, हे काही वाक्यांत सांगितलंय. २०२० साली आलेली 'पिकार्ड' ही जुन्या विश्वातलीच मालिका त्याच घटनेवर उभी आहे.

पायरी ८: माझ्यासारख्यांशी कसं बोलायचं

तुम्ही नवं पाहून आलात हे कळलं की एखादा जुना चाहता तुम्हाला सुनावेल. ते कुठून येतं ते सांगते. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडणार अशी चिन्हं होती तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. तो कमी पैशांत बनला, शुक्रवारी रात्री दहाला लागला आणि पडला. पण त्यामुळे इतके भाग जमले की पुनःप्रसारणात मालिका जगली, वाढली. १९७६ साली चाहत्यांच्या पत्रांमुळेच नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'एंटरप्राइज' ठेवलं गेलं. ही वस्तू आपण वाचवली आहे अशी ज्यांची भावना आहे, त्यांना ती दुसऱ्याच्या हाती देताना धास्ती वाटते.

१९८७ साली 'द नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा कर्क आणि स्पॉकशिवाय 'स्टार ट्रेक' कसलं, असं म्हणणारे पुष्कळ होते. पहिले दोन सीझन कच्चेही होते. तिसऱ्यापासून ती उभी राहिली, सात वर्षं चालली, आणि आज तिच्यातल्या कॅप्टनवर, पॅट्रिक स्टुअर्टच्या पिकार्डवर, कुणी बोट ठेवलेलं याच लोकांना चालत नाही. 'डीप स्पेस नाइन'लाही नौका कुठे जातच नाही म्हणून नावं ठेवली गेली. म्हणून जुना चाहता भेटला की तुम्ही पहिल्यांदा कुठला कॅप्टन पाहिलात, असं विचारा. उत्तर देताना त्याचा आवाज मऊ होईल, आणि मग तो तुम्हाला न विचारताच चांगले भाग सुचवू लागेल. ते लिहून घ्या. 'डार्मॉक', 'द मेझर ऑफ अ मॅन', 'द इनर लाइट' ही नावं बहुधा त्यात असतील. तिन्ही 'द नेक्स्ट जनरेशन'मधली आहेत आणि तिन्ही तुमच्या पुढच्या महिन्याची सुरुवात करायला योग्य आहेत.

पायरी ९: सगळ्यात शेवटी, सगळ्यात पहिला भाग

'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांनी बनवलेला पहिलावहिला भाग तुम्ही अजून पाहिलेला नाही. त्याचं नाव 'द केज'. १९६४च्या अखेरीस तो चित्रित झाला, एनबीसीला तो फार डोकेबाज वाटला, आणि त्यांनी तो नाकारून दुसरा बनवायला सांगितलं. दुसऱ्यात कॅप्टन बदलला, डॉक्टर बदलला, दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी असलेली स्त्री काढून टाकली. सगळ्या पात्रांतून एकटा स्पॉक उरला. 'स्टार ट्रेक'चा पहिला रीबूट हा, मालिका पडद्यावर यायच्याही आधीचा. नाकारलेल्या भागातली बरीच दृश्यं पुढे 'द मेनाजरी' या दोन भागांच्या कथेत वापरली गेली, पण अखंड 'द केज' लोकांसमोर यायला १९८०चं दशक उजाडलं.

त्यातला कॅप्टन म्हणजे पाइक. तोच, ज्याला तुम्ही आत्ता दहा भाग स्वयंपाक करताना पाहिलंय, आणि २००९च्या चित्रपटात ब्रूस ग्रीनवुड यांच्या रूपात. इथे तो जेफ्री हंटर यांनी केलाय: थकलेला, डॉक्टरसमोर बसून नोकरी सोडायच्या गोष्टी करणारा. कोण जगणार, कोण मरणार हे रोज ठरवायचा त्याला कंटाळा आलाय. काढून टाकलेली ती स्त्री अधिकारी, नंबर वन, इथे त्याच्या शेजारी उभी आहे. तिला मालिकेत कायमची जागा मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं.

पाइक आणि स्पॉक ग्रहावर उतरतात तेव्हा त्यांना एक झाड दिसतं, निळी पानं असलेलं. पानं थरथरतात आणि त्यांतून सूर निघतो. स्पॉक एक पान हातात धरतो, सूर थांबतो, आणि तो चक्क हसतो. तोंडभर, लहान मुलासारखा. स्पॉक कसा असणार हे तेव्हा कुणीच ठरवलेलं नव्हतं, निमॉय यांनीसुद्धा. तिथे थांबवून ते हसू एकदा नीट पाहा, मग भाग पुढे चालू करा.